ओटा कुणाच्या मापाचा?

स्वयंपाकघराचं काम काढलं की येणारा-जाणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न रंगाचा विचारतो. काळा घेतला की पांढरा? ग्रॅनाइट की क्वार्ट्झ? ट्रॉल्यांना कुठलं लॅमिनेट? ओट्याची उंची किती ठेवताय, हे मात्र आम्हाला कुणीही विचारलं नाही. माझा सगळा जीव त्या उंचीतच अडकला होता. रंग कसाही असला तरी पंधरा दिवसांत नजरेला त्याची सवय होते. उंची रोज अंगाला लागते. कमरेला लागते, खांद्याला लागते, मानेला लागते. शिवाय ट्रॉली बदलता येते, टाइल उखडता येते, नळ तर प्लंबर अर्ध्या तासात बदलून देतो. दगड एकदा सिमेंटच्या मालात बसला की पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याला कुणी हात लावत नाही.

आम्ही नेरुळला सिडकोच्या इमारतीत राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत वाशी, नेरुळ, सानपाडा, बेलापूर भागात तिनं ज्या वसाहती उभ्या केल्या, त्यांतली लहान घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आमचं स्वयंपाकघर वेगळं सांगायला नको. लांबट खोली, टोकाला खिडकी, एका भिंतीला धरून कडप्प्याचा ओटा, त्याच्या शेवटी सिंक. आमचा ओटा जमिनीपासून ३० इंच होता. सिंक त्यात ८ इंच खोल, म्हणजे भांडं घासताना हात जमिनीपासून जेमतेम २२ इंचांवर. कढई घासायची तर कमरेतून पार वाकायचं.

‘आता कशाला खर्च करता, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे,’ हेही खूप जणांनी सुचवलं. नवी मुंबईतल्या जुन्या वसाहतींत ही चर्चा नाही अशी सोसायटी शोधावी लागेल. जाईल तेव्हा जाईल. पण तोवर सकाळ-संध्याकाळ त्या ओट्यापाशी उभं राहणारी माणसं आजची आहेत आणि त्यांच्या पाठी आज दुखतात. एवढं कारण मला पुरेसं वाटलं.

आमच्या ओट्याशी किती जणांचा संबंध येतो, हे मी आधी मांडून पाहिलं. मी पाच फूट पाच इंच. सासूबाई, म्हणजे आई, चार फूट अकरा. नवरा रविवारी मासे करतो, तो पाच-नऊ. आणि भांड्यांना येणाऱ्या ताई, त्या साधारण आईंच्याच उंचीच्या. या चौघांत सिंकपाशी सर्वांत जास्त वेळ कोण उभं असतं, तर ताई. गॅसपाशी कोण, तर आई. सुरी घेऊन कोण, तर मी. एकाच दगडावर चार शरीरं आणि तीन वेगवेगळी कामं.

मिस्त्रींनी टेप काढला आणि थेट सांगितलं, ‘चौतीस इंच. सगळीकडे चौतीसच करतो, वहिनी.’ माणूस कामाचा पक्का, भिंतीवर नुसता हात फिरवून ती गुण्यात, म्हणजे सरळ काटकोनात, आहे की नाही ते सांगणारा. पण हे चौतीस आलं कुठून? मॉड्युलर कपाटांचा खोका बहुतेक ७२० मिलिमीटरचा असतो, खाली पाय साधारण १०० मिलिमीटरचे, वर दगड. बेरीज होते साडेआठशेच्या आसपास, म्हणजे चौतीस इंचांच्या जवळ. हे माप खोक्यांच्या कारखान्यात ठरलं. त्यात चार फूट अकरा इंचांची बाई भाकरी थापणार आहे हा हिशेब कुठेही नाही.

उभं राहून काम करण्याचा साधा नियम असा, की चिरायला-कापायला पृष्ठभाग कोपराच्या चार-पाच इंच खाली हवा. जोर लावून मळायचं, थापायचं, लाटायचं तर त्याहून आणखी खाली, कारण तिथं हाताच्या ताकदीबरोबर वरून शरीराचं वजन पडावं लागतं. आणि गॅसचं गणित निराळंच. शेगडी स्वतः चार-साडेचार इंच उंच, तिच्यावर पातेलं सहा-सात इंचांचं. म्हणजे ढवळणारा हात ओट्याच्या दहा-अकरा इंच वर जातो. ३४ इंचांच्या ओट्यावर वरणाचं पातेलं ठेवलं की त्याची कड ४५ इंचांवर येते, आणि आईंचं कोपर आहे ३७ इंचांवर. तिथं वरण ढवळताना त्यांचा खांदा कानाला लागणार.

कागदावरची ही मापं खरी का, ते पाहायला मी इस्त्रीचं टेबल स्वयंपाकघरात आणलं. त्याची उंची खाचांवर कमी-जास्त होते. वर एक रुंद फळी बांधली, टेबल भिंतीला टेकवलं, फळीवर परात ठेवली आणि आईंना म्हटलं, ‘आई, एक भाकरी थापून दाखवा.’

‘अगं, खेळ चाललाय का?’ म्हणत त्यांनी पीठ घेतलंच. ३४ इंचांवर पहिली भाकरी. मी त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता खांद्यांकडे पाहत होते. दोन्ही खांदे वर, कोपरं बाहेर फेकलेली, आणि थापताना तळव्याच्या मागच्या भागाऐवजी नुसती बोटं पडत होती. भाकरी कडेला जाड राहिली. मग टेबल दोन इंच खाली. मग आणखी दोन. ३० इंचांवर त्यांच्या हातांचा आवाजच बदलला. आधी चापट मारल्यासारखा वरवरचा होता, तो आता भरीव आणि एकसारखा यायला लागला. तळवा पुरता टेकत होता, भाकरी परातीत आपोआप गोल फिरत होती, डाव्या हाताची बोटं कड सांभाळत होती. खांदे खाली आले होते. ‘इथं जोर मिळतोय बघ हाताला,’ त्या म्हणाल्या आणि तवा ठेवायला सांगितला, कारण पीठ वाया घालवायचं नव्हतं.

त्याच टेबलावर मी कांदे चिरून पाहिले. मला ३५ इंचांना मान सरळ राहते.

ताईंना विचारलं तेव्हा त्या आधी संकोचल्या. ‘तुमचं घर, तुम्ही ठरवा.’ पुन्हा विचारल्यावर मात्र सांगू लागल्या. त्या ज्या ज्या घरी जातात तिथल्या सिंकची उंची त्यांना इंचांत ठाऊक नाही, पण शरीरानं पक्की ठाऊक आहे. कुठलं सिंक खोल, कुठल्या सिंकच्या पुढची दगडाची पट्टी इतकी रुंद की पोट टेकवून पुढे झुकावं लागतं, कुठे नळ इतका बुटका की कुकर त्याखाली फिरत नाही. ‘सिंक जरा वर घ्या ताई, दुपारपर्यंत कंबर भरून येते.’ आमच्याच नव्हे, बहुतेक घरांतल्या सिंकपाशी घरातल्या माणसांपेक्षा जास्त वेळ उभी राहणारी ही बाई, आणि सिंक बसवताना तिला कुणी विचारत नाही. मला हे फार लागलं. ज्याचं अंग झिजतं त्याचं माप आधी घ्यायला हवं.

मग ठरलं ते असं. खिडकीकडचा भाग, जिथं गॅस आणि भाकरी-पोळीचं काम, तो ३० इंचांवर. सिंक आणि चिरण्याचा भाग ३५ इंचांवर. मध्ये ५ इंचांची पायरी. सिंकचा तळ आता २७ इंचांवर येणार होता, आधीपेक्षा ५ इंच वर. आणखी खोल सिंक दुकानदार आग्रहानं दाखवत होता, मोठी भांडी मावतात म्हणून. पण सिंकची खोली वाढली की हात तेवढा खाली जातो आणि वर घेतलेला ओटा फुकट जातो. आम्ही ८ इंचांचंच घेतलं, फक्त लांबीला मोठं, आणि नळ उंच मानेचा.

मिस्त्रींना पायरी मुळीच पसंत नव्हती. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सलग ओट्यावर गरम पातेलं न उचलता सरकवता येतं, पुसायला सोपं जातं, पायरीच्या कोपऱ्यात कचरा अडकतो. मी त्यांच्यासमोर उभं राहून आमच्या घरात काय काय कुठून कुठे सरकतं ते करून दाखवलं. गॅसवरून उतरलेलं भांडं आमच्याकडे नेहमी खिडकीच्या बाजूला जातं, सिंककडे नाही. म्हणून शेगडीच्या त्या बाजूला दीड फूट जागा सोडली. पायरी आली ती शेगडी आणि चिरण्याच्या जागेच्या मध्ये, जिथून चिरलेली भाजी ताटलीत उचलूनच जाते. हे पटल्यावर त्यांनी स्वतःहून सुचवलं, की पायरीच्या कोपऱ्यात काटकोन न ठेवता इपॉक्सीनं गोलाई देऊ, म्हणजे फडकं फिरेल. फार चांगली सूचना होती ती.

स्वयंपाकघर शरीराच्या हालचालीवरून आखायचं, हा विचार नवा नाही. फ्रँकफर्टमध्ये १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगार वसाहतींसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं, साधारण साडेसहा चौरस मीटरचं. आगगाडीच्या भोजनडब्यातल्या आटोपशीर मुदपाकखान्याचा अभ्यास करून, पावलं मोजून. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली आणि आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथं मानतात. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्या आराखड्यात एकच बाई एकटी उभी आहे. आपल्याकडे कुठल्याही सणाला ओट्यापाशी तिघी असतात, एक तळतेय, एक लाटतेय, एक मागून भांडी विसळतेय. आपलं माप एका माणसाचं असून भागत नाही.

उंची ठरली, आणि मग कुठे दगडाकडे वळलो. शीळफाट्याच्या बाजूला दगडांची दुकानं एकाला एक लागून आहेत. उघड्यावर लोखंडी घोड्यांना टेकवून उभ्या केलेल्या लाद्या, त्यांच्यावर पाइपानं पाणी मारून दाखवलेले रंग. पाणी पडल्यावर कुठलाही दगड सुंदर दिसतो, म्हणून कोरडा पाहायचा. आम्ही प्रत्येक प्रकाराचा एक-एक तुकडा मागून घेतला. दुकानदार खुशीनं देतात, कटिंगमधून उरलेले असतात.

घरी ते तुकडे ओळीनं मांडले आणि प्रत्येकावर लिंबाचा रस, कोकमाचं आगळ, तेलात कालवलेली हळद असे थेंब टाकून रात्रभर ठेवले. सकाळी पुसल्यावर संगमरवरावर लिंबाच्या जागी निस्तेज गोल उमटला होता. कडप्प्यावरही, अंमळ कमी. दोन्ही चुनखडीच्या जातीचे, कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यामुळे आंबट पदार्थ त्यांची चकाकी खातो. जुन्या ओट्यावर लोणच्याची बरणी ठेवायच्या जागी जो फिका डाग होता, तो साबणानं कधीच का निघाला नाही, ते तेव्हा कळलं. तो वरून बसलेला डाग नव्हताच, दगडच खरवडला गेला होता. ग्रॅनाइटचे तुकडे जसेच्या तसे. पांढऱ्या क्वार्ट्झला आंबटानं काही केलं नाही, पण हळदीची पिवळसर सावली राहिली. ती उन्हात ठेवल्यावर फिकी होते, तरी आमच्या घरात हळद रोजची आहे आणि ओटा उन्हात ठेवता येत नाही.

क्वार्ट्झ म्हणून जे विकलं जातं तो खाणीतून आलेला सलग दगड नव्हे. क्वार्ट्झचा चुरा, नव्वद टक्क्यांच्या वर, आणि त्याला बांधणारं रेझिन. हे रेझिन साधारण १५० अंशांपुढे टिकत नाही, पिवळं पडतं किंवा तडकतं. प्रेशर कुकर आत १२० अंशांच्या आसपास असतो, तो एक वेळ चालून जाईल. तळणीतलं तेल १८० अंशांवर, आणि भाकरीचा तवा दोनशेच्या पुढे. ज्या घरात भाकरी झाल्यावर तवा उतरवून बाजूला ठेवतात, तिथं क्वार्ट्झपायी सतत कुणाचं तरी लक्ष अडकून पडणार.

पण क्वार्ट्झ मी मनातून काढला त्याचं मोठं कारण वेगळं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जायचं नाही.

आमच्या वसाहतीत कुणाचंही काम निघालं की खाली पार्किंगच्या कोपऱ्यात एक मुलगा हातातलं कटर घेऊन दगड कापत बसतो. पांढरी धूळ उठते, उभ्या गाड्यांवर बसते, आजूबाजूच्या खिडक्या बंद होतात. धुळीच्या मध्यभागी तो मुलगा, तोंडाला रुमाल. त्या धुळीतले डोळ्यांना दिसणारे कण नाक-घशात अडतात. न दिसणारे, काही मायक्रॉनचे, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, आणि रुमालाला ते अडत नाहीत. त्यात स्फटिकी सिलिका (क्वार्ट्झ म्हणजे तीच) असेल तर फुप्फुसात व्रण धरतात आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. कामगार काम सोडून गावी गेला तरी तो पुढे वाढत राहतो. आपल्या १९४८च्या फॅक्टरी कायद्यात सिलिकोसिसची नोंद व्यावसायिक आजार म्हणून होती. राजस्थाननं २०१९ साली खाणकामगार आणि दगडकामगारांसाठी स्वतंत्र धोरण आणलं. आणि ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४पासून क्वार्ट्झ म्हणून विकल्या जाणाऱ्या या कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर पूर्ण बंदी घातली. बनवायला, विकायला, बसवायला सगळ्यालाच. कारण ते कापणारी तरुण मुलं फुप्फुसं निकामी होऊन मरायला लागली होती.

ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, साधारण पाव ते एक तृतीयांश क्वार्ट्झ. कृत्रिम दगडात ती नव्वदच्या पुढे. आणि बाजारात ज्याला जेट ब्लॅक किंवा ब्लॅक गॅलेक्सी म्हणून ग्रॅनाइटच्या नावानं विकतात, तो भूशास्त्राच्या हिशेबानं बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसून गॅब्रो नावाच्या काळपट दगडाच्या कुळातला असतो. त्यात क्वार्ट्झ अगदी थोडं. गॅलेक्सीतले सोनेरी ठिपके ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे, आणि तो येतो आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीच्या खाणींतून. म्हणजे काळा दगड निवडण्यात आमच्या तव्याचं, लिंबाचं, हळदीचं भागत होतंच, शिवाय तो कापणाऱ्याच्या छातीत त्यातल्या त्यात कमी विष जाणार होतं. मला हे कारण पुरेसं होतं. पॉलिश केलेल्या काळ्यावर पाण्याचे डाग दिसतात, असं लोक सांगतात. दिसतात. सांडलेलं पीठही दिसतं, आणि दिसतं म्हणूनच लगेच पुसलं जातं. तांदूळ निवडताना ठिपक्यांच्या दगडापेक्षा सलग काळ्यावर खडा पटकन सापडतो.

काळा घेताना एक तपासणी जरूर करावी. हलक्या दगडाला रंग चढवून काळा केलेला असू शकतो. कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून मागच्या बाजूनं आणि कडेला घासायचा. बोळा काळा झाला तर तो दगड सोडून द्यायचा. आम्ही पाहिलेल्या एका लादीचा झाला.

दगड कमी सिलिकेचा असला तरी धूळ ती धूळ. म्हणून कटिंग सगळं दुकानातच, मोठ्या मशीनवर, पात्यावर पाण्याची धार सोडून करायचं ठरवलं. ओलं कापलं की धुळीचा चिखल होतो, हवेत उडत नाही. यासाठी माप पक्कं लागतं, कारण जागेवर पुन्हा छाटायची सोय उरत नाही. आमची भिंत गुण्यात नव्हतीच, साडेनऊ फुटांत जवळजवळ चार सूत, म्हणजे अर्धा इंच, आत गेलेली. मिस्त्रींनी पुठ्ठ्याचे तुकडे भिंतीला भिडवून, चिकटपट्टीनं जोडून पूर्ण ओट्याचा साचा केला. सिंक हातात आल्याशिवाय त्याचं भोक आखायला त्यांनी नकार दिला. कंपनीच्या कागदावरच्या मापावर त्यांचा विश्वास नाही. सिंकच्या भोकाचे आतले कोपरे गोल ठेवले, कारण टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होते.

पायरीचा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. सलग साडेनऊ फुटी, दोन फूट रुंद, २० मिलिमीटर जाडीचा काळा दगड शंभर किलोच्या पुढे जातो. आमच्या जिन्याच्या वळणावर तो फिरवणं म्हणजे चार माणसांची बोटं आणि पाठी पणाला लावणं. दोन उंच्या असल्यामुळे दगडाचे तुकडेही दोन झाले, मोठा साठ किलोच्या आसपास, लहान पंचेचाळीसच्या. तरी तीन मजले. दगड आडवा कधी धरत नाहीत, स्वतःच्या वजनानं मोडतो. उभाच धरतात, आणि सिंकचं भोक पाडलेल्या तुकड्याला पुढच्या चिंचोळ्या पट्टीच्या बाजूनं लाकडी फळी बांधतात. प्रत्येक मजल्यावर थांबून, गोणपाटावर टेकवून, पुन्हा उचलून माणसांनी एकेक तुकडा वर आणला. आई दारात पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन उभ्या होत्या.

बसवणं त्या मानानं शांत काम. त्याआधी नळाच्या आणि मिक्सरच्या लाइनी झिरी मारून भिंतीत गेल्या होत्या, महानगर गॅसची जोडणी त्यांच्या माणसांकडून सरकवून घेतली होती. लेव्हलच्या पारदर्शक नळीत पाणी भरून मिस्त्रींनी दोन्ही उंच्यांच्या रेघा भिंतीवर मारल्या. खाली कडप्प्याच्या उभ्या लाद्या लावल्या, त्या जुन्याच ओट्याच्या तोडून घेतलेल्या. नवी मुंबईच्या पावसाळी दमटपणात सिंकखाली प्लायवूड काही वर्षांत फुगतं, कडप्पा तसाच राहतो. त्यावर आडवा कडप्पा, मग माल, मग दगड. दगड टेकल्यावर ते रबरी हातोड्यानं इंचाइंचावर ठोकत गेले, कान खाली करून. भरीव आवाज आला की पुढे. सिंकजवळ एका ठिकाणी पोकळ वाजलं तर पूर्ण तुकडा परत उचलायला लावला आणि आणखी माल भरला. पोकळीवर जोरानं भांडं आपटलं की दगड तिथंच तडकतो.

तोच धागा धरून मी खलबत्त्याची जागा ठरवून घेतली. ठेचा कुटायचा तो बरोबर उभ्या कडप्प्याच्या डोक्यावर, दोन आधारांच्या मधल्या मोकळ्या जागेवर नाही. ढाळ फक्त वरच्या भागाला, सिंककडे दोन सूत. गॅसच्या भागाला अजिबात नाही, नाहीतर तव्यातलं तेल एका बाजूला धावतं आणि घावन एकीकडे जाड होतं. पुढची कड हाफ राउंड, कारण मनगट आणि पोट दिवसभर तिला टेकतं. गोल कडेवरून पाणी वळून खाली ट्रॉलीत जातं, म्हणून कडेच्या खालच्या अंगाला लांबच्या लांब बारीक खाच मारून घेतली. पाणी तिथं थबकतं आणि थेंब होऊन खाली पडतं. मागे भिंतीशी जी फट राहिली ती डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या, टाइलच्या जाडीनं झाकली गेली. टाइल दगडावर उभी राहते, दगड टाइलला भिडत नाही. हा क्रम उलटा केला की पाणी सांध्यात शिरतं.

माल वाळेपर्यंत आठवडाभर ओट्यावर काही जड ठेवायचं नाही, असं मिस्त्रींनी बजावलं आणि ते आम्ही पाळलं. आता आई खिडकीशी भाकरी करतात. त्यांच्या हाताला जुळलेली ३० इंचांची उंची तशीच राहिली, चौतीसवर गेली नाही. ताईंनी पहिल्या दिवशी सिंकमध्ये नुसते हात घालून पाहिले आणि म्हणाल्या, ‘हे बरं झालं.’ नवऱ्याला ३० इंच खालीच पडतं, पण त्याचे मासे रविवारपुरते.

तळमजल्यावरच्या वहिनींचं काम दिवाळीनंतर निघतंय. त्यांना पांढरा क्वार्ट्झ आवडलाय, कोटेशनही आलंय. इस्त्रीचं टेबल मी त्यांच्याकडे नेऊन ठेवलंय. दगड कुठला घ्यायचा ते त्यांचं त्या ठरवतील, पण कटिंग दुकानात पाण्याखालीच होईल, पार्किंगमध्ये कोरडं होणार नाही, हे कोटेशनवर लिहून घ्यायचं त्यांनी कबूल केलंय. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हाच नियम सगळ्यांसाठी मांडणार आहे. सेक्रेटरींना पत्र दिलंय.